तेलाच्या नळाशेजारची जमीन व तिच्या मातीची परीक्षा

मोहोळाहून सोलापुराकडे आगगाडीनें निघालें म्हणजे वाटेंत पाकणी स्टेशन लागतें. तेथील तेलाच्या टाक्या आमच्या बहुतेक वाचकांनीं गाडींतून पाहिल्या असतील. हिंदुस्तान पेट्रोलियमचा मुंबईहून पुण्यावरून आलेला नळ तेथवर येतो. त्याची एकंदर लांबी सुमारें ५०८ किलोमीटर असून त्यांतून पेट्रोल, डिझेल वगैरे शुद्ध केलेलें तेल दाबाखालीं वाहत असतें. एवढ्या लांबींत किती गट, किती बांध व किती विहिरी आल्या असतील याचा अंदाज वाचकांनींच करावा. नळ जमिनीखालीं मीटर-सव्वा मीटर खोल असतो, वर ज्वारी किंवा ऊंस उभा असतो, आणि मधून मधून रोवलेले खुणेचे खांब सोडले तर खालीं कांहीं आहे याची आठवणही राहत नाहीं.

अशा जमिनीच्या कांहीं खातेदारांनीं आम्हांस विचारलें कीं, तेल मातींत मुरलें असल्यास तें आपल्या नेहमींच्या मातीपरीक्षणांत कळेल काय? याचें उत्तर एका शब्दांत 'नाहीं' असें आहे. परंतु एवढ्यावर थांबून चालणार नाहीं. नेहमींच्या परीक्षणासाठीं मातीचा नमुना घेण्याची जी रीत आपण प्रयत्नानें शिकलों, तीच रीत येथें वापरल्यास तेलाचा पुरावा आपल्याच हातानें नाहींसा होतो. हें आम्ही पुस्तकावरून सांगत नसून स्वतःच्या चुकीवरून सांगत आहों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही महसूल खात्यांत कारकून असतांना, हमरस्त्यालगतच्या एका शेतांत तेलाची टाकीगाडी उलटली व डिझेल गाडीवाटेनें उतरून अर्ध्या एकराच्या तुकड्यांत पसरलें. पंचनामा चौथ्या दिवशीं झाला. तो लिहिण्याचें काम आमच्याकडे होतें. अक्षर चांगलें आलें, सीमा बरोबर लिहिल्या, पंचांच्या सह्या घेतल्या. मातीचा नमुना घ्यावा असें कोणीतरी सुचविलें तेव्हां आम्हीं मोठ्या हौसेनें पुढें होऊन तो घेतला. आठ-दहा ठिकाणीं इंग्रजी 'व्ही'सारखे खड्डे करून वीतभर खोलीची माती काढली, ती गोणपाटावर एकत्र कालविली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले, असें करीत अर्धा किलो उरविली, दोन दिवस ओसरीवर सावलींत वाळविली आणि कापडी पिशवींत भरून प्रयोगशाळेस धाडली. पिशवी आमच्या घरींच शिवलेली होती. महिन्यानें अहवाल आला त्यांत लिहिलें होतें : सेंद्रिय कर्ब, अत्यंत जास्त. गाडीच्या मालकाच्या वकिलानें तोच कागद पुढें करून विचारलें कीं, जमीन सुधारली असतां नुकसानी कसली मागतां? शेतकऱ्याच्या पदरांत कांहींच पडलें नाहीं. त्याचीं त्या तुकड्यांतलीं दोन पिकें गेलीं, आणि त्यास कारण झालेल्या कागदपत्रांवर आमचें अक्षर होतें.

असें कां झालें हें आम्हांस नंतर विचारपूस केल्यावर समजलें. सेंद्रिय कर्ब काढण्याची जी रीत सर्वत्र चालू आहे तींत मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट व तीव्र गंधकाम्ल घालून किती कर्ब जळतो हें मोजतात. शेणखतांत कर्ब असतो तसा डिझेलांतही असतो, व तोही थोडाबहुत जळतो. परीक्षानळीस तेल व शेणखत यांतला भेद समजत नाहीं. सरकारनें २०१५ सालीं सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंत बारा गोष्टी मोजल्या जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. या बारांत तेल कोठेंच नाहीं. तेव्हां ज्याच्या पत्रिकेंत एकाच पट्ट्याचा कर्ब अचानक चढलेला दिसेल आणि त्याच पट्ट्यांत पीक मात्र पिवळें असेल, त्यानें आनंद न मानतां संशय धरावा.

शिवाय पेट्रोलाचा बराचसा भाग उडून जाणारा असतो. माती कालविली, पसरली व वाळविली म्हणजे तो भाग हवेंत गेलाच. डिझेल जड असल्यामुळें पुष्कळसें राहतें, पण त्यांतलाही हलका अंश जातो. आणि आठ ठिकाणची माती एकत्र केल्यावर दोन ठिकाणचें तेल सहा ठिकाणच्या निर्मळ मातींत पातळ होऊन आंकडा खालीं येतो. खताचा हिशेब करण्यास शेताची सरासरी हवी असते. तेलाच्या तपासांत सरासरीचा उपयोग नाहीं, तेथें दोषाची नेमकी जागा हवी असते.

आतां आपल्या जमिनींत तेल कसें फिरतें तें पाहूं. मोहोळ तालुक्यांत सीना व भोगावती या नद्यांच्या कांठीं खोल काळी, चढावर मध्यम व उथळ, आणि सर्वांखालीं मुरूम व काळा खडक अशी सामान्य रचना आहे. ओली काळी माती फुगून घट्ट बसते व तींतून तेल सहजासहजीं उतरत नाहीं. तीच माती फाल्गुन-चैत्रांत भेगाळते. हातभर, क्वचित् कमरेइतक्या खोल भेगा पडतात, आणि अशा वेळीं सांडलेलें तेल वरच्या थरास फारसें न लागतां भेगांच्या वाटेनें सरळ मुरमावर जाऊन बसतें. वरची वीतभर माती तपासावी तर ती निर्दोष निघते. मुरमांतून व खडकाच्या सांध्यांतून तेल पाण्याबरोबर उताराकडे सरकतें आणि शेवटीं कोणाच्या तरी विहिरींत दिसूं लागतें. म्हणून नळ ज्याच्या गटांतून गेला आहे त्याच्यापेक्षां त्याच्या खालच्या अंगाच्या शेजाऱ्याचें नुकसान आधीं व्हावें असेंही घडतें.

नळ गंजून किंवा सांधा सुटून गळतो हें खरें. परंतु आपल्या प्रांतांत चोरांनीं नळास भोंक पाडल्यामुळेंही तेल शेतांत गेलेलें आहे. २०२१ सालाच्या आरंभीं सातारा जिल्ह्यांत, फलटण तालुक्यांतील सासवड या गांवीं, याच मुंबई–पुणें–सोलापूर नळास चोरीसाठीं भोंक पाडण्यांत आलें. पेट्रोल जमिनींत मुरलें, विहिरींत उतरलें व पिकांचें नुकसान झालें. पुण्याजवळच्या सासवडाशीं वाचकांनीं याचा घोटाळा करूं नये. चेन्नई शहरांत तोंडियारपेठ भागांत २०१३ सालीं घरांच्या विहिरींस डिझेल लागलें तें जमिनीखालच्या तेलनळाच्या गळतीमुळें, आणि तो वाद पुढें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेला. गळती सांपडून नळ दुरुस्त झाला म्हणजे आपलें संकट टळलें असें समजूं नये. मातींत गेलेलें तेल नळ दुरुस्त झाल्यानें बाहेर येत नाहीं.

नळ वापरांतून गेला तरीही तें राहतें. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं केर्न नदीच्या तेलक्षेत्रापासून रिचमंड बंदरापर्यंत स्टँडर्ड ऑइल कंपनीनें १९०३ सालीं नळ टाकला. कच्चें तेल फार घट्ट असल्यामुळें तें ठिकठिकाणीं तापवून पुढें ढकलावें लागे. तो नळ बंद होऊन किती तरी दशकें लोटलीं. मालकी बदलली, जमिनीवर शेती व घरें झालीं. तरी त्याच्या मार्गावर कोणी खणूं लागला म्हणजे डांबरासारखें वाळलेलें जुनें तेल मातींत अजून सांपडतें, आणि त्याच्या वारस कंपनीस माती तपासून देण्याची व्यवस्था ठेवावी लागली आहे. आपल्याकडील नळ अजून चालू आहे. परंतु आज ज्यांच्या नातवांच्या नांवें जमीन होणार आहे त्यांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

संशय आल्यावर घरच्या घरीं काय पाहतां येईल? प्रथम न करावयाच्या गोष्टी सांगतों. माती नाकाशीं धरून हुंगूं नये. पेट्रोलांत बेन्झीन नांवाचें द्रव्य असतें व तें मनुष्यास कर्करोग करणारें म्हणून ठरलेलें आहे. वास आपोआप आला तर आला, मुद्दाम घेऊं नये. जवळ विडी ओढूं नये. विहिरींत पेट्रोलचा संशय असेल तर मोटार सुरू करूं नये आणि माणूस तर मुळींच उतरवूं नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती विहिरीच्या तळाशीं सांचून राहते, वरून दिसत नाहीं, आणि एक ठिणगी पुरते. ठिणगी न पडली तरी गुदमरून माणूस जातो. खांबांच्या रांगेंत, नळाच्या पट्ट्यांत, कुदळ अगर यंत्र लावूं नये. खांबावर कंपनीचा दूरध्वनि क्रमांक असतो. त्यावर कळवावें, आणि कळविल्याची वेळ स्वतःच्या वहींत लिहून ठेवावी.

पिकाकडे पाहावें. तेल लागलेल्या जागीं ज्वारी उगवण्यास उशीर लागतो, उगवलेली पिवळी पडते व मुळें आंखूड राहतात. याचीं कारणें दोन. तेल मातीच्या कणांवर चढून बसतें, त्यामुळें मातीस पाणी धरवत नाहीं. पाणी घातलें तर अळवाच्या पानावर राहतें तसें थेंबथेंब राहतें. दुसरें असें कीं, तेल खाऊन जगणारे सूक्ष्म जंतु मातींत वाढतात व त्यांस नत्र लागतें म्हणून ते पिकाच्या वांट्याचें नत्र घेतात. पिवळेपणा मात्र आपल्या भागांत चुनखडीच्या जमिनींतही येतो, पाणी तुंबल्यानेंही येतो. तेव्हां नुसत्या पिवळेपणावर कोणी निष्कर्ष काढूं नये. पिवळा पट्टा नळाच्या रेषेला किंवा उताराला धरून आहे काय, हें पाहावें.

नंतर बरणीची परीक्षा. रुंद तोंडाची स्वच्छ कांचेची बरणी घ्यावी, तींत दोन मुठी संशयित माती टाकून अर्ध्यावर स्वच्छ पाणी घालावें, झांकण लावून चांगली हलवावी व घटकाभर स्थिर ठेवावी. दुसऱ्या बरणींत चढावरच्या, नळापासून दूरच्या शेताची माती घेऊन तसेंच करावें. पहिल्या बरणीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग आला व दुसरीवर आला नाहीं, तर संशयास बळ आलें. परंतु सर्व तवंग तेलाचे नसतात. लोह असलेल्या सांचलेल्या पाण्यावर जंतूंमुळें असाच रंगीत पापुद्रा येतो, व ओढ्याकांठीं तो पाहून लोक तेल सांपडल्याच्या गोष्टी करतात. काडीनें तवंग मोडून पाहावा. जंतूंचा पापुद्रा फुटक्या कांचेसारखा तुकडे होऊन तसाच राहतो; तेलाचा तवंग काडी काढतांच पुनः एकत्र मिळतो. ही ओळख साधी आहे, पण आम्हीं ती पुनः पुनः करून पाहिली असून ती उपयोगी पडते. मात्र बरणी निर्मळ राहिली म्हणून माती निर्मळ आहे असें ठरत नाहीं, कारण थोडें तेल मातीसच चिकटून राहतें. बरणी हा पुरावाही नव्हे. तिच्यावरून पुढचा खर्च करावा कीं नाहीं एवढेंच ठरवावें.

पुढचा खर्च म्हणजे प्रयोगशाळेची परीक्षा. ही आपल्या तालुक्याच्या खतमातीच्या परीक्षणाची प्रयोगशाळा नव्हे. पर्यावरणाचे नमुने तपासणारी, 'एनएबीएल'ची मान्यता असलेली प्रयोगशाळा पाहावी, आणि मान्यता आहे एवढ्यावर न थांबतां, 'मातींतील एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन' ही तपासणी तिच्या मान्यतेच्या यादींत आहे काय, हें लेखी विचारावें. पुष्कळ प्रयोगशाळा पाण्यासाठीं मान्य असतात व मातीसाठीं नसतात. नमुना घेण्यापूर्वीं त्यांच्याकडूनच बाटल्या मागवाव्या. पेट्रोलसाठीं चाळीस मिलिलिटरच्या लहान कुप्या असतात. कांहींत मेथॅनॉल आधींच घातलेलें असतें, तें विषारी व पेट घेणारें असल्यामुळें मुलांपासून दूर ठेवावें. डिझेलसाठीं रुंद तोंडाच्या तपकिरी कांचेच्या बाटल्या असतात. प्लॅस्टिकची पिशवी वापरूं नये, कारण तेलाची वाफ तींतून निघून जाते व प्लॅस्टिकमधील द्रव्यें मातींत उतरतात.

नमुना कोठला घ्यावा यावर सर्व अवलंबून आहे. कंपनीच्या माणसास बोलावून, त्यानें नळाची जागा दाखविल्यावर व त्याच्या समक्ष, पट्ट्याबाहेर सुरक्षित अंतरावर खणावें. दोषाच्या मध्यभागीं एकाच खड्ड्यांतून तीन खोलींचे नमुने घ्यावे : वरची वीतभर, मग दीड-दोन फुटांवरची, आणि शेवटीं माती संपून मुरूम लागतो तेथली. आपल्या जमिनींत ही तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची. खड्ड्याच्या बाजूला भेग दिसली तर भेगेच्या कांठची माती निराळी घ्यावी. नंतर उताराकडे वीस-पंचवीस पावलांवर दुसरा खड्डा. आणि चढावर, त्याच जातीच्या मातींत, जेथें नळ नाहीं, रस्ता नाहीं व इंजिनचें तेल सांडलेलें नाहीं अशा जागीं एक खड्डा. त्याच्या मातीस तुलनेची माती म्हणावें. हा चढावरचा खड्डा वांचविण्याकडे लोकांचा कल असतो, कारण त्याचेही पैसे पडतात. परंतु तो नसेल तर बाकीच्या आंकड्यांस अर्थ राहत नाहीं. पुढचा पक्ष सहज म्हणेल कीं, तुमच्या साऱ्या शिवाराची माती अशीच असेल.

एका खड्ड्याची माती दुसऱ्याच्या मातींत मिसळूं नये. खड्ड्याची बाजू तासून ताजी उघडी करावी व तेथून माती घेऊन ताबडतोब बाटली गच्च, तोंडापर्यंत भरावी, म्हणजे वर हवा राहत नाहीं. कुप्यांत मात्र प्रयोगशाळा सांगेल तितकीच माती घालावी. प्रत्येक खड्ड्यास खुरपें साबणपाण्यानें धुऊन, स्वच्छ पाण्यानें विसळून घ्यावें, हातमोजे बदलावे. बाटल्या बर्फाच्या पेटींत ठेवून त्याच दिवशीं अगर दुसऱ्या दिवशीं पोंचवाव्या. साधारणतः चौदा दिवसांत तपासणी व्हावी असा नियम आहे, परंतु सोलापुरच्या उन्हाळ्यांत आम्ही चौदा दिवसांवर विसंबून राहण्यास सांगणार नाहीं. पेट्रोल असेल तर जमिनीवरच्या थरांतून तें थोड्याच दिवसांत उडतें. आमचा पंचनामा चौथ्या दिवशीं झाला होता हें वर सांगितलेंच आहे.

विहिरीचें पाणी तपासावयाचें तर तेल वर तरंगतें हें ध्यानांत ठेवावें. तळाशीं बुडविलेल्या घागरींत तें येणार नाहीं. दोरीनें कांचेची बाटली अलगद पाण्याच्या पृष्ठावर टेकवून तवंगासह एक नमुना घ्यावा व दुसरा खालचा घ्यावा, कारण बेन्झीन पाण्यांत विरघळतें व तवंग नसतांही पाण्यांत असूं शकतें. दोन नमुन्यांवर तसें स्पष्ट लिहावें. उपसा करून विहीर स्वच्छ करण्याचा मोह टाळावा. उपसा केला म्हणजे पाण्याची पातळी उतरते आणि भोंवतालचें तेल विहिरीकडेच ओढलें जातें.

प्रयोगशाळेंत माती द्रावकांत धुऊन तेल काढतात आणि तें वायुवर्णलेखन या यंत्रांतून जाऊं देतात. हलके घटक आधीं बाहेर येतात, जड मागाहून. त्यांचा आलेख कागदावर निघतो व जाणत्या माणसास तो पाहून पेट्रोल, डिझेल कीं वंगण, ताजें कीं जुनें, हें बरेंच सांगतां येतें. म्हणून केवळ एकूण आंकडा न मागतां आलेखाची प्रतही मागावी. आणि आमच्या भागाच्या शेतकऱ्यानें आणखी एक गोष्ट मागितलीच पाहिजे. ऊंसाच्या जमिनींत आपण साखर कारखान्याची मळी, कंपोस्ट, शेणखत घालतों. त्यांतील मेणचट व तैल द्रव्यें द्रावकांत उतरून पेट्रोलियमच्या आंकड्यांत मिळूं शकतात. मग एक तर निर्दोष जमीन दोषी ठरते, नाहीं तर पुढचा पक्ष खऱ्या तेलास तुमची मळी म्हणून मोकळा होतो. यावर उपाय म्हणजे द्रावण सिलिका जेलमधून गाळून घेणें. त्यांत वनस्पतिजन्य द्रव्यांचा बराच भाग अडकतो व खनिज तेल पुढें जातें. असें गाळून तपासणी करावी, असें मागणीपत्रांतच लिहावें, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या गटांत काय खत घातलें तें खरेंखरें कळवावें. तुलनेच्या खड्ड्यास तेंच खत पडलेलें असेल तर फारच उत्तम.

आंकडा एका किलो मातींत किती मिलिग्रॅम असा येतो. त्याचा अर्थ समजण्यास एक हिशेब करून दाखवितों. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. त्याची पंधरा सेंटिमीटर खोलीची माती, घनमीटरास १.३ टन धरल्यास, सुमारें १९.७ टन भरते. त्यांत शंभर लिटर डिझेल सारखें मिसळलें, तर डिझेलचें वजन ८३ किलोच्या सुमारास, म्हणजे किलोस सुमारें ४,२०० मिलिग्रॅम. हॉलंड देशाच्या मानकांत खनिज तेल किलोस ५,००० मिलिग्रॅमवर गेलें कीं जमिनीवर उपाय करण्याचा विचार झालाच पाहिजे, असें प्रमाण पुष्कळ वर्षांपासून धरलेलें आहे. तें त्यांच्या ठराविक मातीसाठीं आहे व आपल्या काळ्या जमिनीस जसेंच्या तसें लागू नाहीं. तरी दोन-तीन पिंपें तेल थोड्या गुंठ्यांची काय अवस्था करील हें त्यावरून दिसून येतें. आपल्यापुरती मुख्य कसोटी तुलनेच्या खड्ड्याशीं भेद, ही होय.

आतां आमच्या जुन्या धंद्याची थोडी माहिती. तेलाचा नळ टाकण्यासाठीं सरकार जमीन विकत घेत नाहीं. १९६२ च्या पेट्रोलियम नळविषयक कायद्यानें केवळ वापराचा हक्क घेतें. मालकी खातेदाराचीच राहते. उद्देशाची अधिसूचना निघाल्यावर एकवीस दिवसांत हरकत घेतां येते. हक्क घेतल्यावर पट्ट्यांत पूर्वींप्रमाणें पीक काढतां येतें, परंतु इमारत, तळें, विहीर, बंधारा बांधतां येत नाहीं व झाड लावतां येत नाहीं. डाळिंबाची बाग वाढविणारांनीं हें विसरूं नये. नळ टाकतांना व पुढें तपासणी-दुरुस्तीसाठीं आंत शिरतांना झालेल्या नुकसानीची भरपाई निराळी, आणि वापराच्या हक्काबद्दल अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या शेंकडा दहा, ही निराळी. रक्कम मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशाकडे जातां येतें. वापराच्या हक्काची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत आहे कीं नाहीं, व ती बरोबर गट नंबरावर आहे कीं शेजाऱ्याच्या, हें प्रत्येकानें एकदां पाहून घ्यावें. आम्हीं नोकरींत असतांना चुकीच्या गटावरच्या नोंदी पाहिल्या आहेत.

गळतीची गोष्ट वेगळी. तिच्या नुकसानीसाठीं २०१० च्या कायद्यानें स्थापन झालेलें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे व त्याचें पश्चिम विभागाचें पीठ पुण्यास बसतें. भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पांच वर्षांच्या आंत करावा लागतो. अपघाताच्या बाबतींत दोष कोणाचा हें सिद्ध करण्याचें ओझें अर्जदारावर राहत नाहीं, परंतु नुकसान झालें व तें तेलानेंच झालें एवढें दाखवावेंच लागतें, आणि तेथें बाटल्यांचें महत्त्व. ग्राम महसूल अधिकारी, ज्यांस आपण अजून तलाठी म्हणतों, कृषि खात्याचा माणूस, कंपनीचा प्रतिनिधि व दोन पंच यांच्या समक्ष प्रत्येक नमुन्याच्या तीन बाटल्या भराव्या : एक प्रयोगशाळेस, एक कंपनीस, एक आपणांकडे बर्फांत. चिठ्ठीवर गट नंबर, खड्डा, खोली, तारीख, वेळ व सह्या. लाखेनें मोहोर करावी. बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हातीं केव्हां गेली याचा कागद सोबत असावा. मध्येंच एक रात्र बाटली कोठें होती हें सांगतां आलें नाहीं तर वकील तेवढ्यावरच बोलतो. खड्ड्याचें छायाचित्र, मागें खुणेचा खांब दिसेल असें, भ्रमणध्वनीवर घ्यावें. पीक पाहणी वेळेवर नोंदवलेली असावी, नाहीं तर शेतांत पीक होतें हेंच सिद्ध करीत बसावें लागतें.

२०२५ सालीं दूषित जागांच्या व्यवस्थेविषयीं केंद्र सरकारनें नवे नियम केले. त्यांप्रमाणें संशयित दूषित जागांची यादी जिल्हा प्रशासनानें दर सहा महिन्यांनीं करावयाची व राज्याच्या प्रदूषण मंडळानें त्यांची तपासणी करावयाची आहे. जिल्ह्याची यादी गांवच्या अर्जांवरूनच होणार. अर्जासोबत प्रयोगशाळेचा अहवाल व तुलनेच्या खड्ड्याचा आंकडा जोडला, तर तो बाजूस ठेवणें कारकुनास कठीण जातें. हें आम्ही त्या बाकावर बसून आलेल्या माणसाच्या नात्यानें सांगतों.

जमीन सुधारते काय, हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारला जातो. डिझेल वरच्या थरांत असेल तर पुष्कळ अंशीं सुधारते. तेल खाणारे जंतु मातींत असतातच. त्यांस हवा, ओल, नत्र व स्फुरद मिळालें पाहिजे. वारंवार नांगरट करून माती उलटीपालटी करणें, हलकी ओल ठेवणें व युरिया-सुपर थोडथोडें देणें, हाच उपाय शास्त्रज्ञही मोठ्या प्रमाणावर करतात. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेनें अशा जंतूंचें मिश्रण 'ऑइलझॅपर' नांवानें तयार केलें असून तेलक्षेत्रांतील गाळावर तें वापरलें गेलें आहे. मुरमापर्यंत उतरलेल्या तेलास मात्र नांगर पोंचत नाहीं. तें काम तज्ज्ञांचें व कंपनीच्या खर्चाचें. नमुने व पंचनामा होईपर्यंत नांगर घालूं नये, कारण पहिल्याच पाळींत पुरावा विस्कटतो. त्या तुकड्यांतला कडबा जनावरांस घालूं नये.

आमच्या हातून ज्याचें नुकसान झालें त्या शेतकऱ्यानें कोणाचा सल्ला न घेतां हेंच केलें होतें. दोन उन्हाळे तो तुकडा नांगरून तापविला, पाळ्या घातल्या, शेणखत भरलें. तिसऱ्या वर्षीं त्यांत मालदांडी पेरली. वरच्या अंगाची ज्वारी पुरुषभर झाली आणि त्या अर्ध्या एकराची कमरेइतकी, परंतु कणसें भरलीं. खालच्या बांधाजवळ दोन गुंठ्यांवर अजून कांहीं येत नाहीं. तेथें तीन खोलींचे नमुने घेण्याचें आम्हीं त्यास सुचविलें आहे. बाटल्यांचा खर्च आम्ही देणार आहों.